बांधावरचें फळ आणि घरचा फळचुरा

शेतकऱ्यांच्या मासिकांत पक्वान्नाचा विषय कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील, हें आम्ही जाणून आहों. ऊंसाची लागण, खोडव्याची निगा, भाताचा तरवा, खतांचे दर आणि पाण्याची पाळी हे विषय सोडून चुलीपाशीं कां जावयाचें? ह्यास आमचें उत्तर असें कीं, शेतांत जें पिकतें त्याचा शेवट चुलीपाशींच होतो. शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेब मांडतांना आपण बाजारभाव पाहतों, हवामान पाहतों, मजुरी पाहतों. परंतु घरांत आलेलें किंवा येऊं शकलें असतें असें जें फुकट गेलें, तें कोणत्याच वहींत लिहीत नाहीं. आपण फळ पिकवितों, गूळ करितों, दूध-तूप पुष्कळांचें घरचें असतें. आणि पाहुणा आला म्हणजे पुठ्ठ्याच्या पेटींतील केक आणावयास मुलास तालुक्याच्या गांवीं धाडितों. ह्या विसंगतीविषयीं चार शब्द लिहावे आणि त्याबरोबर एक साधें, घरीं भाजावयाचें फळांचें पक्वान्न सुचवावें, हा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम फळांची स्थिति पाहूं. आपल्या जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड हे तालुके, सह्याद्रीच्या कुशींत आहेत. तेथें बांधावर, परड्यांत व ओढ्याकांठीं रायवळ आंबा, फणस, जांभूळ हीं झाडें आजे-पणजांनीं लावलेलीं किंवा आपोआप उगवलेलीं आहेत. आजरा-चंदगडाकडे काजू आहे. पूर्वेकडील शिरोळ, हातकणंगले व कागल ह्या भागांत मळ्याच्या कडेला केळीचे चार खुंट, पेरूचें एखादें झाड बहुतेकांच्या घरीं सांपडतें. वैशाखांत वळवाचा वारा सुटला कीं रायवळाखालीं कैऱ्यांचा सडा पडतो. त्यांतल्या थोड्या लोणच्यास जातात, थोड्या शेजारीं दिल्या जातात, आणि उरलेल्या तेथेंच कुजतात किंवा म्हशीपुढें पडतात. फणसाची गत ह्याहून वाईट. एक फणस फोडला कीं घरचीं माणसें दोन दिवस खातात. बाकीचे झाडावर पिकून, फुटून खालीं पडतात. काजूची बी आपण जपून वेंचतों आणि रसानें भरलेला बोंडू टाकून देतों. शेजारच्या गोव्यांत ह्याच बोंडूपासून फेणी निघते आणि तिला २००९ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. आपल्याकडे त्याचा खत म्हणूनहि कोणी विचार करीत नाहीं.

फळ फुकट गेलें तर गेलें, त्यांत एवढें काय, असें कोणी म्हणेल. परंतु प्रश्न फळावर थांबत नाहीं, तो झाडापर्यंत जातो. रायवळाची पाटी बाजारांत नेली तर उतरणीची मजुरी व गाडीभाडें वजा जातां हातीं फारसें कांहीं उरत नाहीं, हा सर्वांचा अनुभव आहे. मग बांधावरचें झाड पिकावर सावली धरतें, मुळ्या पसरून ऊंसाचें खत ओढून घेतें, पांखरें आणतें, हीच त्याची ओळख उरते. आणि एखाद्या वर्षीं लांकडाचा व्यापारी दारांत आला कीं सौदा होतो. महसूल खात्याच्या दप्तरांत आमची उमर गेली, म्हणून एवढें खात्रीनें सांगूं शकतों कीं, झाडें तोडण्याचें नियमन करणारा १९६४ चा महाराष्ट्राचा कायदा आंबा, फणस व जांभूळ ह्या तिन्ही झाडांस लागू आहे आणि परवानगीवांचून तीं तोडणें हा गुन्हा आहे. पण कायद्यानें झाड वांचतें तें अर्ज लिहीपर्यंत. मालकाच्या मनांतून झाड उतरलें कीं तें आज ना उद्यां जातेंच. ज्या झाडाचें फळ घरांतल्या मुलांना आवडतें, ज्याच्या फळाची घरची बाई वाट पाहते, तें झाड सहसा पडत नाहीं. म्हणून रायवळ व फणस राखावयाचे असतील तर त्यांना स्वयंपाकघरांत काम दिलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

आतां दुसरी बाजू. खेड्यांतील चहाच्या दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत बिस्किटें, क्रीमरोल, खारी आणि केक ह्यांचा सुकाळ आहे. हे पदार्थ वाईटच, असें सरसकट म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. चांगल्या तुपा-लोण्याचे पदार्थ करणाऱ्या बेकऱ्याहि आहेत. परंतु स्वस्त मालांत जो स्निग्ध पदार्थ असतो तो बहुधा पामतेलाचा किंवा वनस्पति तुपाचा. वनस्पति तूप आपल्या देशांत १९३७ च्या सुमारास 'डालडा' ह्या नांवानें घराघरांत शिरलें. त्यांतील अपायकारक ट्रान्स-फॅटवर सरकारनें टप्प्याटप्प्यानें मर्यादा घातली आणि जानेवारी २०२२ पासून ती शेंकडा दोनवर आणली, ही चांगली गोष्ट झाली. तथापि देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें आणि त्यांत पामतेलाचा वांटा मोठा आहे, ही गोष्ट उरतेच. म्हणजे आपल्या मुलाच्या हातांतील गोड पदार्थांत मैदा परक्याचा, साखर कारखान्याची, तेल समुद्रापलीकडचें. आणि आपला गूळ, आपलें तूप, आपलें फळ ह्यांपैकीं एकहि नाहीं. शेतकऱ्यानें आपल्याच मालाचें गिऱ्हाईक होण्याचें सोडलें, तर इतरांनीं तें व्हावें असा आग्रह तो कोणत्या तोंडानें धरणार?

ह्यावर उपाय म्हणून आम्ही जो पदार्थ सुचवितों तो मूळचा आपला नाहीं, हें आधींच सांगतों. इंग्लंड-अमेरिकेंतील घरांत त्यास 'क्रंबल' किंवा 'क्रिस्प' म्हणतात. आंबट सफरचंदाच्या किंवा दुसऱ्या फळाच्या फोडी एका पसरट भांड्यांत घालावयाच्या, त्यांवर पीठ, लोणी व साखर एकत्र चोळून केलेला चुरा पसरावयाचा, आणि तें सर्व भट्टींत भाजून काढावयाचें, एवढाच तो प्रकार. अमेरिकेंत ह्या चुऱ्यांत ओटचे पोहे घालण्याची चाल आहे. इंग्लंडांत हा पदार्थ विशेष रुळला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. जानेवारी १९४० पासून तेथें लोणी व साखर शिधापत्रिकेवर मिळूं लागलीं आणि अन्नाचें रेशनिंग पुरें उठावयास १९५४ साल उजाडलें. फळाचा भरींव पाय करावयाचा तर खालीं-वर पिठाचें आवरण लागतें, लोणी पुष्कळ लागतें. चुऱ्याला तेवढें लागत नाहीं, आणि लाटण्याचीहि गरज नसते. अडचणींतल्या गृहिणींनीं परसांतील फळ वांचविण्यासाठीं तो जवळ केला. श्रीमंतांच्या मेजवानीसाठीं नव्हे, तर टंचाईंत फळ वायां जाऊं नये म्हणून जो पदार्थ घरोघर पोंचला, तो शेतकऱ्याच्या घरीं परका वाटण्याचें कारण नाहीं. आम्ही त्यास 'फळचुरा' म्हणूं. कोणास अधिक चांगलें नांव सुचल्यास त्यानें तें खुशाल वापरावें.

"भाजावयाचें म्हणजे भट्टी पाहिजे, ती आमच्याकडे कुठली?" असा दुसरा प्रश्न येईल. परंतु खालून व वरून आंच देऊन भाजणें ही विद्या आपल्या लोकांस नवी नाहीं. कोंकणांत मोठ्या काकडीचें धोंडस किंवा तवसळी करतांना भांड्यावर झांकण ठेवून त्यावर निखारे पसरतात. गोव्यांतील बेबिंका थर-थर करून वरच्या निखाऱ्यांवर भाजण्याची जुनी रीत आहे, आणि तिलाहि २०२३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. विदर्भांत रोडगे गोवऱ्यांच्या आहारांत भाजतात. आणि गुऱ्हाळाच्या चुलवणांतील विस्तवांत रताळें भाजून ज्यानें खाल्लें नाहीं असा आपल्या जिल्ह्यांतील शेतकरी विरळा. तेव्हां भट्टीचें तत्त्व आपल्या घरांत आहे. तें एका नव्या कामास लावावयाचें, इतकेंच.

आतां कृति. सफरचंद आपलें फळ नव्हे, आणि तें विकत आणून हा पदार्थ करणें म्हणजे मूळ हेतूलाच हरताळ फांसणें होय. ह्या पदार्थास किंचित् आंबट व घट्ट गराचें फळ उत्तम लागतें. आणि वळवानें पाडलेली रायवळाची कैरी नेमकी तशीच असते. पाडाला आलेली, म्हणजे आंतून पिवळी झालेली पण अजून नरम न पडलेली कैरी मिळाली तर फारच छान. पूर्ण पिकलेल्या रायवळांत रेषा व रस फार. तो चोखून खाण्यासाठीं राखावा.

सहा माणसांस पुरेल असा फळचुरा करावयाचा तर कैऱ्या सोलून, कोय काढून, पातळ फोडी अर्धा किलो घ्याव्या. त्यांत सुमारें दोनशें ग्रॅम चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ व चार वेलदोड्यांची पूड घालून पांच-सात मिनिटें मंद आंचेवर ठेवावें. गूळ विरघळून फोडींस पाणी सुटतें. तें दाट व्हावें म्हणून एक चमचा तांदळाची पिठी थोड्या पाण्यांत कालवून लावावी. कैरी किती आंबट आहे तें चाखून गूळ कमी-अधिक करावा. भांडें स्टीलचें, मातीचें किंवा ताजी कल्हई केलेलें पितळेचें असावें. ॲल्युमिनियमचें किंवा कल्हई उडालेलें भांडें आंबट पदार्थास मुळींच घेऊं नये.

चुऱ्यासाठीं एक वाटी पीठ घ्यावें. अर्धें गव्हाचें, थोडें जाडसर दळलेलें, व अर्धें नाचणीचें. नाचणीचें पीठ आधीं कोरडेंच खमंग भाजून थंड करावें. ओटच्या जागीं अर्धी वाटी जाडे पोहे कोरडे भाजून, हातानें चुरडून घालावे. पाव वाटी किसलेला कोरडा गूळ व चिमूटभर मीठ मिसळावें. मग पांच मोठे चमचे थिजलेलें तूप घेऊन बोटांच्या टोकांनीं पिठास चोळावें. शंकरपाळ्याला आपण मोहन घालतों त्याहून हें मोहन अधिक असतें. मूठ वळली तर वळावी आणि दाबली तर फुटून तिचा रवाळ चुरा व्हावा, हीच खूण. येथें पाणी घालावयाचें नाहीं व पीठ मळावयाचें नाहीं. तुपानें पिठाचा कण न् कण माखला म्हणजे चिकटा धरत नाहीं व भाजल्यावर चुरा खुसखुशीत होतो. पाणी पडलें कीं त्याची पोळी होते. तूप पातळ असेल तर चुरा पिठूळ न राहतां ओला व जड होतो, म्हणून उन्हाळ्यांत तूप घटकाभर थंड पाण्यांत ठेवून थिजवून घ्यावें. काजूचे तुकडे घरचे असतील तर मूठभर घालावे.

फोडी पसरट भांड्यांत दोन बोटें जाडीनें पसराव्या, त्यांवर चुरा न दाबतां सैल भुरभुरावा. ज्यांच्या घरीं विजेची भट्टी आहे त्यांनीं ती आधीं तापवून १८० अंश सेंटिग्रेडवर पस्तीस ते चाळीस मिनिटें ठेवावें. कडेनें रस बुडबुडूं लागला व वरचा थर तांबूस झाला कीं काढावें. चुलीवर करणाऱ्यांनीं जाड बुडाच्या टोपांत दोन बोटें वाळू घालून, तींत लहानशी तिवई ठेवून त्यावर भांडें ठेवावें, वर सपाट लोखंडी तवा झांकावा आणि तव्यावर निखारे पसरावे. खालीं विस्तव थोडा, वर अधिक, हा नियम लक्षांत ठेवावा. कारण खालचें फळ आधींच निम्में शिजलेलें असतें, भाजावयाचा असतो तो वरचा चुरा. अर्ध्या-पाऊण तासांत पदार्थ होतो.

केवळ गॅसची शेगडी असेल तर मात्र एक अडचण आहे, आणि ती न सांगतां कृति देणें म्हणजे फसवणूक होईल. रबर व शिट्टी काढलेल्या कुकरांत मिठाचा थर देऊन भाजण्याची युक्ति केकास चालते. परंतु तेथें सगळी आंच खालून येते आणि फळाची वाफ झांकणास लागून चुऱ्यावर टिपकते, त्यामुळें चुरा कुरकुरीत होत नाहीं. अशा घरीं फळ पातेल्यांत निवांत शिजवावें, चुरा निराळ्या कढईंत मंद आंचेवर हलवीत तांबूस होईपर्यंत परतावा, आणि वाढतांना फळावर घालावा. चव जवळजवळ तीच येते. दोन्ही रीतींत एक गोष्ट सारखी आहे. गूळ हवेंतील ओल ओढून घेतो, म्हणून पदार्थ त्याच दिवशीं संपवावा. दुसऱ्या दिवशीं चुरा मऊ पडतो.

कैरीचा हंगाम सरला तरी पदार्थ थांबत नाहीं. ज्येष्ठांत काप्या फणसाचे गरे बिया काढून, उभे चिरून घ्यावे. बरका फणस फार विरघळतो, तो सांठांसाठीं ठेवावा. गऱ्यास गोडी असल्यामुळें फोडींतील गूळ एक चतुर्थांशावर आणावा व लिंबू पिळावें. श्रावण-भाद्रपदांत केळीं आहेत. उपवासाच्या दिवशीं पिठाऐवजीं राजगिऱ्याचें पीठ घेतां येईल. थंडींत पेरू, त्याचा बियांचा गाभा काढून टाकावा व फोडी आधीं चांगल्या शिजवाव्या. माघ-फाल्गुनापासून बोंडू येतो. त्याचा तुरटपणा जाण्यासाठीं काप मिठाच्या पाण्यांत तासभर ठेवून, एक उकळी देऊन, पाणी टाकून द्यावें. पहिल्या वेळीं थोडाच करून पाहावा, कारण बोंडूची चव सर्वांस मानवत नाहीं.

ह्या पदार्थाचा प्राण गूळ आहे, आणि त्याविषयीं आम्हांस थोडें कठोर लिहिणें भाग आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापारास घर दिलें. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळालें. असें नांव असलेला गूळ करणारा शेतकरी स्वतःच्या घरीं कोणता गूळ खातो? बाजारास पिवळाधमक रंग हवा, म्हणून काहिलींत पांढऱ्या भुकटीची चिमूट पडते. तिला आपण नुसतें 'पावडर' म्हणून मोकळे होतों. ही भुकटी गंधकयुक्त असते, गुळांत तिचा अंश किती असावा ह्यास कायद्यानें मर्यादा आहे, आणि हातानें टाकलेली चिमूट मर्यादा मोजीत नाहीं. त्यांतून असा रंग कांहीं महिन्यांत उतरतोहि. भेंडीच्या झाडाच्या चिकानें मळी काढून, जाळ नीट राखून केलेला गूळ थोडा काळसर-तांबूस दिसतो, परंतु चवीस भरीव लागतो. कैरीच्या आंबटपणास तोच शोभतो. व्यापारी ज्या रंगास भाव देतो तो रंग शेतकऱ्यानें विकावयाचा गुळांत आणला, तर तो बाजाराचा दोष आहे असें एक वेळ म्हणतां येईल. पण घरच्या मुलांच्या ताटांत तोच गूळ वाढावयाचा, ह्यास कोणता बाजार कारण?

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप गृहिणींच्या बाजूनें येईल, आणि तो सर्वांत रास्त आहे. पहांटे धारा, मग भाकऱ्या, मग भांगलण, आणि परत आल्यावर पुन्हां चूल; अशा बाईच्या माथीं आणखी एक पदार्थ मारणारे आम्ही कोण? ह्यावर आमचें म्हणणें असें कीं, हा पदार्थ नेहमींच्या स्वयंपाकांत भर म्हणून करावयाचा नाहीं. जेथें पुरण शिजवून, वाटून, एकेक पोळी लाटावी लागते, किंवा कढईपुढें उभें राहून करंज्या तळाव्या लागतात, तेथें एखाद्या वेळीं बदली म्हणून करावयाचा आहे. ह्यांत लाटणें नाहीं, तळणें नाहीं, आणि एकदां भांडें विस्तवावर चढलें कीं त्याकडे सारखें पाहणेंहि नाहीं. शिवाय कैऱ्या गोळा करणें, सोलणें, गूळ किसणें व निखारे सारणें हीं कामें पुरुषांना व मुलांना सहज जमणारीं आहेत. गुऱ्हाळावर रात्र-रात्र चुलवण सांभाळणाऱ्या गड्यास तव्यावरचे चार निखारे सांभाळतां येत नाहींत, असें कोणी सांगूं नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तूप महाग आहे, आणि दहा रुपयांच्या पुड्यापुढें हा पदार्थ स्वस्त पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांच्या घरीं दुभतें नाहीं त्यांना तूप विकत घेऊन हा पदार्थ वारंवार करणें परवडणार नाहीं. त्यांनीं तुपाच्या जागीं घाण्याचें शेंगदाण्याचें तेल थोडें कमी प्रमाणांत वापरून पाहावें. चुरा तितका रवाळ होत नाहीं, पण चांगला लागतो. आमची तुलना दहा रुपयांच्या पुड्याशीं नाहीं. वाढदिवसास व पाहुण्यांसाठीं जो केक किंवा मिठाई आपण आणतों, तिच्या किंमतींत घरचा फळचुरा दोन वेळां होतो. आणि फळाची किंमत तर शून्यच, कारण तें कुजणारच होतें.

तिसरा आक्षेप आरोग्याचा. गूळ म्हणजे औषध, तो कितीहि खावा, असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो खरा नाहीं. गुळांत थोडे क्षार अधिक असले तरी तोहि बव्हंशीं साखरच आहे, आणि मधुमेह असलेल्या माणसास तो साखरेइतकाच वर्ज्य. आपल्या गुळाच्या अभिमानापायीं असत्य बोलण्याची गरज नाहीं. सणासुदीचा पदार्थ सणासुदीलाच करावा.

चौथा आक्षेप परकेपणाचा. काजू, पेरू, अननस, मिरची व बटाटा हीं सर्व अमेरिका खंडांतून पोर्तुगीज वगैरे लोकांच्या हातून इकडे आलीं. आज मिरचीवांचून कोल्हापूरचें नांव कोणी घेत नाहीं. परक्या वस्तूस आपल्या मातींतलें करून घेण्यांत आपले पूर्वज कमी नव्हते. परकें कोठून आलें ह्यापेक्षां, त्यानें आपलें काय राखलें व काय घालविलें, हें पाहावें. मैद्याच्या केकानें आपली नाचणी, आपला गूळ व आपलीं फळें ताटांतून बाजूस सारलीं. फळचुरा त्यांना ताटांत परत आणूं शकतो.

शेवटीं आमच्या सूचना थोडक्यांत मांडतों. पहिली, गुऱ्हाळ चालविणाऱ्या प्रत्येक सभासदानें हंगामांत निदान एक काहील भुकटीवांचून उतरवून घरासाठीं व गड्यांसाठीं राखावी. दुसरी, बांधावरचें आंब्या-फणसाचें झाड विकण्याचा विचार मनांत आल्यास, त्याआधीं एक हंगाम तरी त्याचें किती फळ घरांत वापरलें गेलें व किती कुजलें हें वहींत टिपावें, आणि मग निर्णय घ्यावा. तिसरी, ज्या रायवळाची कैरी शिजवून विशेष चांगली लागते, त्या झाडाच्या काड्या घेऊन पावसाळ्यांत कोय-कलमें करावीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें ही रीत सर्वत्र शिकविली आहे व ती अवघड नाहीं. जुनें झाड वाऱ्यानें पडलें तरी त्याचा वंश उरेल. चौथी, आपल्या संघाच्या वार्षिक सभेच्या जेवणांत बाहेरची मिठाई न आणतां, सभासदांच्या बांधावरच्या फळांचा हा पदार्थ करावा; आणि तो करण्याचें काम स्त्रियांवर न सोंपवितां कार्यकारी मंडळानें स्वतः चुलीपाशीं बसावें. निखारे किती लागतात व गूळ किसतांना हात कसा दुखतो, हें मंडळास कळलें म्हणजे पुढच्या वर्षीं ह्या विषयावर बोलणें अधिक जबाबदारीचें होईल.

वळवाचा पाऊस येऊन गेला आहे व मृग अजून लागावयाचा आहे. झाडांखालीं कैऱ्या पडलेल्या आहेत. ज्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं ह्याच पंधरवड्यांत करावा, आणि त्यांत काय साधलें, काय बिघडलें, कोणत्या झाडाची कैरी गोडीस उतरली, तें आम्हांस कळवावें. पुढील अंकीं त्यास जागा देऊं.